राखून ठेवलेला रेफरी

रविवार, ३० मे

जिंकलो! गेलिक फुटबॉलमध्ये शेजारच्या स्लायगो काउंटीला त्यांच्याच मैदानावर हरवलं — आणि शेवटचे तीन पॉइंट आमच्या लेकाचे, एन्डाचे! शिट्टी वाजली तशी लाइट्रिमची सगळी माणसं कुंपण ओलांडून मैदानात घुसली. मीही घुसले. एक बूट चिखलात राहिला. कुणीतरी मला उचललं, बहुतेक खाटीक असावा. मला उचलणं सोपं नाही, तेव्हा त्याचं कौतुकच करायला हवं.

एन्डा घरी आला तो गुडघा सोलून. बटाटे, बेकन, कोबी सगळं फस्त केलं, वर ब्रेड मागितला. एकवीस वर्षांचा घोडा आहे, पण जिंकला की सात वर्षांचा होतो. कॉर्मक समोर बसून नुसता बघत होता. "तिसरा पॉइंट डाव्या पायाने मारायची काय गरज होती?" एवढंच म्हणाला. माझ्या नवऱ्याचं कौतुक असंच असतं. एन्डाला ते कळतं, तो हसला.

मंगळवार, १ जून

पोस्टात गेले होते. डिम्फना गिल्हूली शिक्के मारता मारता म्हणाली, "असुम्प्टा, तुझं काही खरं नाही बाई."

मी म्हटलं, का गं?

"का म्हणजे? लाइट्रिम असंच जिंकत गेलं तर कॉर्मकचं काय?"

मी आधी खो खो हसले. लाइट्रिम आणि सप्टेंबरची फायनल! आमच्या काउंटीत माणसांपेक्षा गाई जास्त. केरी नाही, डब्लिन नाही — आम्ही! पण घरी येताना सायकलवर हसू गेलं.

कॉर्मक बावीस वर्षं रेफरी आहे. पावसात, शिव्या खात, रविवारचं जेवण सोडून. त्याने एकच गोष्ट मनात धरली आहे — डब्लिनच्या क्रोक पार्कला ऑल-आयर्लंड फायनलची शिट्टी एकदा आपण फुंकायची. या हिवाळ्यात त्याला पन्नास पूर्ण होतील, मग काउंट्यांचे सामने बंद. म्हणजे हेच शेवटचं वर्ष. आणि या वर्षी नंबर त्याचाच, असं डब्लिनपर्यंत सगळे म्हणतात. पण स्वतःच्या काउंटीचा सामना रेफरीला देत नाहीत. आणि स्वतःचा मुलगा खेळत असेल तर बोलायलाच नको.

म्हणजे एन्डा फायनलला पोचला की कॉर्मकची फायनल गेली. सोपं आहे. आणि मला काहीच कळेनासं झालंय.

पण छे! लाइट्रिम कुठलं पोचतंय!

रविवार, १३ जून

कॉर्मकचा सामना, थेट किलार्नीला. पहाटेच चारही अंपायर हजर. गोलखांबांपाशी उभे राहणारे अंपायर रेफरीने आपले आपणच न्यायचे असतात, म्हणून आमच्या घरी कायम हीच वरात — माझा भाऊ मायलस, कॉर्मकचे दोन चुलतभाऊ, आणि चर्चची घंटा वाजवणारा बार्टली. चौघांना अंडी, सॉसेज, चहा. चौघांचे पांढरे कोट मी इस्त्री करून हँगरला लावले होते. बार्टलीने तरी कोटावर अंड्याचा डाग पाडलाच.

रेडिओवर ऐकलं. चांगला झाला सामना. "रेफरीने छान हाताळलं," म्हणाला तो बोलणारा. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

आले ते मात्र मातीला जाऊन आल्यासारखे. कॉर्मक गप्प — ते नेहमीचं. पण मायलसही गप्प! माझा भाऊ झोपेतसुद्धा बोलतो. काय झालं विचारलं तर म्हणाला, "लांबचा रस्ता आहे गं. दमलो."

गुरुवार, १७ जून

कॉर्मक ट्रॅक्टरचा भाग आणायला स्लायगोला गेला. चांगला कोट घालून! ट्रॅक्टरच्या भागासाठी! संध्याकाळी रिकाम्या हाताने आला. मिळाला नाही म्हणे. मी म्हटलं, ट्रॅक्टर तर चालतोय. तो म्हणाला, "हो, चालतोय." आणि गाई बघायला गेला.

रविवार, २७ जून

रॉसकॉमनलाही हरवलं. हे काय चाललंय?

एन्डाने गोल मारला. चेंडू मुठीने ढकलून आत घातला — आमच्या खेळात हात चालतो — तिघांच्या मधून. मी किंचाळले. किंचाळताना आठवण झाली आणि मधेच गप्प झाले. बाजूच्या बाईने विचारलं, दाढ दुखतेय का?

आता आमच्या प्रांताची, कॉनाक्टची फायनल. ती जिंकली की ऑल-आयर्लंडची सेमी फायनल. ती जिंकली की — नाही, इतक्या पुढचं लिहायचं नाही.

सोमवार, ५ जुलै

प्रांतांच्या फायनलचे रेफरी जाहीर झाले. कॉर्मकचं नाव कुठेच नाही. आमचा प्रांत सोडा, पण बाकीच्या तिन्हींत नाही! मी तशीच सायकल काढून पोस्टात गेले.

डिम्फनाने लगेच समजावलं. "अगं वेडे, त्याला राखून ठेवलाय! मोठ्या सामन्यासाठी राखतात तेव्हा मधले सामने देत नाहीत. ताजा ठेवतात." रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाला असा राखून ठेवलेला एखादा रेफरी आठवत होता. फादर टीरनन यांनाही एक आठवला.

घरी येऊन कॉर्मकला सांगितलं. तो कोठीच्या दाराचं बिजागर घासत होता.

"लोक म्हणतात?"

मी म्हटलं, सगळेच म्हणतात.

"म्हणू दे."

मग मला म्हणाला, "असुम्प्टा, त्यांना म्हणू दे हं. तू मधे पडू नकोस." मी कशाला मधे पडू? मला तर नाचावंसं वाटत होतं.

शनिवार, १० जुलै

कॉर्मक सकाळी तळ्याच्या रस्त्याने पळून आला, घामाघूम. त्याला पाहून बरं वाटलं. मग एन्डा बॅग उचलून सरावाला गेला, त्याला पाहूनही बरं वाटलं. दोन्ही बरं वाटणं एकाच बाईला कसं होतं? कुणाला विचारायचीही सोय नाही.

रविवार, २५ जुलै

मेयोला हरवलं! कप आमचा! कॉनाक्टचा कप!

रस्त्यात प्रत्येक वळणावर होळ्या पेटवल्या होत्या. लोकांनी टायर जाळले, जुने पलंगपोस जाळले, कुणाची तरी चांगली खुर्चीही गेली. एन्डा ट्रॉलीवर उभा, हातात कप. म्हातारी माणसं रडत होती. मीही रडले. बार्टली म्हणाला, "आनंदाश्रू ना वहिनी?" हो म्हटलं. काय सांगणार होते त्याला?

कॉर्मक गर्दीतून पुढे गेला आणि त्याने एन्डाच्या मानेला हात लावला. बस, एवढंच. पण मी लग्नानंतर त्याला इतका खूश पाहिला नव्हता. फार खूश होता. फाजील खूश. तोंडदेखलं असावं, असं मला वाटलं — कुणाला कळू नये म्हणून. किती सोसतो हा माणूस.

सोमवार, २६ जुलै

जेवताना एन्डाने विचारलंच. मी भीतच होते.

"बाबा, आम्ही सेमी फायनलही जिंकलो तर तुम्हाला फायनल नाही मिळणार ना?"

"मग?"

"मग काही नाही. नुसतं विचारलं."

कॉर्मकने काटा खाली ठेवला. "तू चेंडूकडे बघ. माझ्याकडे बघायचं काम नाही. तुम्ही जिंकायचं. कळलं? जिंकायचंच."

"पण सगळे म्हणतात की तुम्हाला राखून—"

"सगळे गेले खड्ड्यात!"

मी त्याला असा ओरडताना क्वचित ऐकलंय. एन्डाचे कान लाल झाले. कोबी कुणी पुन्हा घेतलाच नाही.

मंगळवार, ३ ऑगस्ट

चर्चमध्ये मेणबत्ती लावली. कशासाठी ते सांगितलंच नाही. देवाने आपल्या अकलेने काय ते ठरवावं.

रविवार, १५ ऑगस्ट

माझा वाढदिवस. मेरीमातेच्या स्वर्गारोहणाच्या, असम्प्शनच्या सणाचा जन्म, म्हणून हे नाव. कॉर्मकने हातमोजे दिले, ऑगस्टमध्ये.

दुसरी सेमी फायनल आज झाली. डेरी जिंकले. रेफरी कुणी दुसराच. म्हणजे कॉर्मकला अजूनही राखून ठेवलाय! आता तर उघडच झालं. पुढच्या रविवारी आमची मीथशी. आम्ही हरलो तर — कॉर्मकची फायनल. जिंकलो तर — एन्डाची.

मायलस केक खायला आला होता. भांडी पुसताना माझ्या कानाशी म्हणाला, "त्या फायनलचं तू फार मनावर घेऊ नकोस गं."

"कुठल्या? कॉर्मकच्या की एन्डाच्या?"

तो बशी पुसतच राहिला. कोरडी बशी! मग म्हणाला, "मी काय म्हणतो, कॉर्मकला विचार." मी म्हटलं, त्याला विचारून कुणाला कधी काही कळलंय? तर म्हणे, "तेही खरंय."

मला राग आला. सगळे मला सल्ले देतात, आणि सरळ वाक्य एकही माणूस बोलत नाही.

शुक्रवार, २० ऑगस्ट

फाटकावर लाइट्रिमचा हिरवा-सोनेरी झेंडा लावला. कॉर्मक शिडीवर, मी खाली शिडी धरून. त्याने हातोडी खिळ्यावर मारायची ती अंगठ्यावर मारली. बाईसमोर बोलू नये असं बरंच काही बोलला. मग शिडीवरूनच म्हणाला, "रविवारी जिंकायलाच हवं असुम्प्टा. काय वाटेल ते होवो."

आवाज असा होता की मला गलबलून आलं. बावीस वर्षं जे हवं होतं ते स्वतःच्या हाताने सोडून देतोय, आणि वर झेंडाही स्वतःच ठोकतोय.

मी दुपारभर जॅम ढवळत विचार केला. एन्डा एकवीसचा आहे. त्याच्यापुढे दहा वर्षं आहेत, दहा सप्टेंबर. कॉर्मककडे हा एकच. आई म्हणून असा हिशेब करावा का? केला खरा. जॅम करपला.

रविवार, २२ ऑगस्ट

घरी आलो आहोत. लिहायलाच हवं, नाहीतर मी उद्या म्हणेन की असं झालंच नाही.

मायलसने गाडी चालवली. आमची गाडी! कॉर्मकने किल्ल्या त्याच्याकडे फेकल्या — "आज मला नुसतं बाहेर बघायचंय." लाँगफर्डच्या पुढे थांबून डिकीत ठेवलेली हॅम सँडविचं खाल्ली. मागून पुढून सगळ्या गाड्या हिरव्या-सोनेरी. सगळी काउंटीच रस्त्यावर होती. गाईंचं दूध कुणी काढलं कोण जाणे.

क्रोक पार्कला आमच्या जागा पार वर, आभाळाजवळ. सामना सगळा सांगत बसत नाही. मीथची माणसं ओंडक्यासारखी, आमची पोरं चपळ. कधी ते पुढे, कधी आम्ही. शेवटी मीथ एका पॉइंटने पुढे, वेळ संपलेली, आणि एन्डाला पाडलं. फ्री किक. चाळीस-एक यार्डांवरून, उजव्या अंगाला. असल्या किका तो आमच्या मागच्या कुरणात डोळे मिटून मारतो. ही खांबांमधून गेली की एक पॉइंट, बरोबरी, पुन्हा सामना, आणि दमलेले ते होते, आम्ही नाही. सगळ्यांना माहीत होतं — पुन्हा खेळलो तर आम्हीच जिंकू.

एन्डाने चेंडू ठेवला. मागे सरकला. मग त्याने मान वर करून आमच्या बाजूला बघितलं. एवढ्या गर्दीत आम्ही दिसणं शक्यच नाही. पण बघितलं.

मी डोळे मिटले. आणि म्हणाले — देवा, बाहेर जाऊ दे.

माझ्याच तोंडून. ओठ हलले. कॉर्मकचा हात माझ्या हातात होता आणि तो घट्ट दाबत होता.

मग असा आवाज आला, हजारो माणसांनी एकदम श्वास सोडल्यासारखा. कॉर्मक माझ्याकडे वळून म्हणाला, "गेला का? असुम्प्टा, गेला का आत?" बिचाऱ्याने पण डोळे मिटले होते. मी उघडले. अंपायरने दोन्ही हात पसरले होते. बाहेर.

मी म्हटलं, नाही गेला.

खाली बसला तो खिळल्यासारखा. सगळे उठून जायला लागले तरी बसूनच होता. मला वाटलं होतं, कुठेतरी आतल्या आत त्याला सुटल्यासारखं वाटेल. तसं काही दिसेना. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला तो बघवेना.

सोमवार, २३ ऑगस्ट

हरूनही पुलावर हजार माणसं! बँड! "एन्डा! एन्डा!" करत होते. फादर टीरनन म्हणाले, या पोरांनी आम्हाला ताठ उभं केलं. एन्डाला बोलायला सांगितलं. माइक हातात घेऊन "माफ करा" म्हणाला, आणि परत दिला. लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

पोस्टापाशी डिम्फनाने माझा हात धरला. तिचे डोळे सुजले होते, पण कानात म्हणाली, "निदान कॉर्मकचं तरी होईल आता." मला उभ्या उभ्या मेल्यासारखं झालं.

बुधवार, २५ ऑगस्ट

पीट, म्हणजे चुलीत जाळायची माती, आणायला एन्डाबरोबर दलदलीत गेले. वाळलेल्या विटा उचलून ट्रॉलीत टाकायच्या, बोलायची गरज नसते. अर्ध्या कामात त्यानेच सुरू केलं.

"आई, चेंडू ठेवला ना, तेव्हा बाबा आठवले."

मी वीट उचलली.

"म्हणजे मी मुद्दाम नाही चुकवला. नीट मारला. मला वाटतं नीट मारला." मग तो ट्रॉलीच्या चाकावर बसला. "खरं सांगू? मला कळलंच नाही मला तो कुठे जायला हवा होता. पायाला तरी कसं कळणार?"

मी त्याच्या शेजारी बसले. माझंही सांगणार होते. जिभेवर आलं होतं. पण आईने असलं काही मागितलं हे कुठल्या मुलाला सांगतात? मी म्हटलं, बाबांना फायनल मिळू दे, मग सगळं ठीक होईल बघ.

"हो," म्हणाला. "तेवढ्यासाठी तरी."

मंगळवार, ३१ ऑगस्ट

दुपारच्या बातम्यांत सांगितलं. फायनलचा रेफरी टायरोनचा कुणीतरी. नाव नीट ऐकलंही नाही.

एन्डा दारात उभा होता. पांढराफटक. "मग मी—" म्हणाला आणि थांबला. बूट घालून बाहेर गेला, अंधार पडायच्या आत आला, जेवला नाही.

गाव नुसतं पेटलंय. "राजकारण! लहान काउंटीचा रेफरी चालत नाही त्यांना!" डिम्फना डब्लिनला फोन करायला निघाली होती, तिला धरून बसवावं लागलं. बार्टलीने रागाने घंटा वेळेआधीच वाजवली.

कॉर्मकला काहीच धक्का बसलेला नाही. नवल आहे! मान खाली घालून खिडकीची काच पुसत होता. मायलस आला आणि त्याला म्हणाला, "आता तरी सांग तिला. नाहीतर मी सांगतो." काय सांग? मला काय सांग? दोघे बाहेर निघून गेले.

गुरुवार, २ सप्टेंबर

कॉर्मकने अखेर सांगितलं — त्याचा उजवा डोळा गेलाय. मधोमध डाग. डाव्यालाही लांबचं धूसरच दिसतं. किलार्नीला त्याला लांबचे खांब दिसेनात, सगळा सामना मायलसच्या खुणांवर काढला. स्लायगोला ट्रॅक्टरसाठी नाही, डोळ्याच्या डॉक्टरकडे गेला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने डब्लिनला फोन करून नाव काढून घेतलं. जूनमध्येच! कुणी त्याला राखून वगैरे ठेवलेलं नव्हतं.

मी ओरडले, मग का नाही सांगितलंस?

म्हणाला, लाज वाटली. आंधळा रेफरी म्हणून लोकांनी बावीस वर्षं ओरडून घेतलं, आता ते खरं झालं. आणि मग लाइट्रिम जिंकायला लागलं तेव्हा वाटलं, देवच पावला. पोरगं फायनलला गेलं की लोक म्हणतील, मुलापायी बापाने फायनल सोडली. डोळ्याचं कुणाला कळायचंही नाही. "त्या रविवारी मी जन्मात केली नसेल एवढी प्रार्थना केली. एन्डासाठी, आणि माझ्यासाठी पण."

मग माझा हात धरला. "तूही डोळे मिटून करत होतीस. ओठ हलताना दिसले मला, तेवढं दिसतं अजून. आपण दोघांनी एवढं मागून कसं नाही मिळालं गं?"

मी म्हटलं, नाही मिळालं खरं.